सामानांतील एक नग

प्रवासाचा आपल्याला कंटाळा आहे असें चारचौघांत उघडपणें सांगण्याची सोय आतां राहिलेली नाहीं. गाणें कळत नाहीं म्हटलें तर लोक क्षमा करतात. पोहतां येत नाहीं म्हटलें तर हंसून सोडून देतात. पण 'मला घरीं बसावयास आवडतें' असें म्हटलें कीं, ऐकणाराच्या मुद्रेवर अशी कांहीं करुणा पसरते कीं, जणूं आपण त्याला एखाद्या असाध्य रोगाचें नांवच सांगितलें! तरी पण मी तें सांगणार आहें. माझ्या मतें घर ही जगांतील सर्वांत सोयीची जागा आहे. तेथें दिव्याचें बटण अंधारांत सांपडतें, उशीची उंची आपल्या मानेला ठाऊक असते आणि सकाळचा चहा कोणाकडे मागावा याचा विचार करावा लागत नाहीं. देश पाहावयाचा तर तो पुस्तकांत पाहावा. पुस्तकांतील देशांत ढेकूण नसतात.

असा मी गृहस्थ. आणि दैवयोग असा कीं, ज्या स्त्रीशीं माझें लग्न झालें तिच्या पायांवर चक्र आहे. सांगलीस आमच्या घराच्या ओटीवर तिनें १९९४ सालीं हातमागाच्या साड्यांची विक्री सुरू केली. पहिलें भांडवल म्हणजे तिच्या दोन बांगड्या. मी तेव्हां महाविद्यालयांत मराठी शिकवीत होतों आणि पगार वेळेवर मिळणें ही गोष्ट आमच्या संस्थेंत सणासारखी क्वचित् येत असे. ओटीचें पुढें दुकान झालें. दोन मुलांचीं शिक्षणें त्या दुकानावर झालीं. माझ्या पुस्तकांचीं कपाटेंसुद्धां त्याच पैशांतून आलीं. हें मी मुद्दाम आधींच सांगून ठेवतों. कारण पुढें जी तक्रार मी करणार आहें, ती करण्याचा मला कितपत अधिकार आहे, याचा वाचकांनींच निर्णय करावा.

व्यवसाय म्हटला कीं प्रवास आलाच. मागावरची साडी चित्र पाहून घेतां येत नाहीं असें तिचें ठाम मत आहे. तिचा हात कापडावरून फिरला पाहिजे. म्हणून वर्षांतून सातआठ वेळां ती येवलें, महेश्वर, कांचीपुरम्, गुळेदगुड्ड, इळकल अशा गांवांना जात असे. आणि मी घरीं, माझ्या खुर्चींत, अत्यंत समाधानानें राहत असें. या व्यवस्थेंत कांहीं उणें आहे असें मला बावीस वर्षें एकदांही वाटलें नाहीं.

२०१६ सालीं मी सेवानिवृत्त झालों आणि त्यानंतर दोनतीन वर्षांनीं एके दिवशीं ती सहज म्हणाली, "अहो, या खेपेला चला ना बरोबर. घरीं बसून तरी काय करणार आहांत?" घरीं बसून मी काय करणार होतों याची लांबलचक यादी माझ्यापाशीं तयार होती. पण तिच्या आवाजांत कांहींसा आग्रह होता आणि बायकोच्या आग्रहाचें कारण विचारण्याची पद्धत आमच्या घराण्यांत नाहीं. मी गेलों. बसस्थानकावर तिनें सामान मोजलें. "बॅग एक, पिशव्या दोन, पाण्याची बाटली, डबा, हे पांच, आणि तुम्ही सहावे. सहा नग." तेव्हांपासून माझी गणना नगांत होऊं लागली. मराठींत नग या शब्दाचे अर्थ दोन आहेत आणि दुसराही तिला ठाऊक होता.

आमच्या वाङ्मयांत माझ्यासारख्याला फारसा आधार सांपडत नाहीं. चार पैसे मिळवावे म्हणून १८५७ सालीं उत्तर हिंदुस्थानांत गेलेले विष्णुभट गोडसे बंडाच्या वणव्यांत सांपडले आणि त्यांची हकीकत 'माझा प्रवास' या नांवानें १९०७ सालीं छापून निघाली. पण त्यांच्या सोबतीस चुलते होते, पत्नी घरीं होती. रमाबाई रानडे यांनीं न्यायमूर्तींच्या फिरतीविषयीं आपल्या आठवणींत लिहिलें आहे. तें पुस्तक १९१० सालचें. नवऱ्याच्या कामासाठीं बायकोनें गांवोगांव हिंडावें, परक्या गांवीं चूल मांडावी, तेथील बायकांशीं ओळखी कराव्या, हें सर्व त्यांत आहे. पण बायको कामाला निघाली आहे आणि नवरा तिच्या मागून पिशवी घेऊन चालला आहे, हें चित्र कोठें आहे? डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या तेव्हां गोपाळरावही बरोबर नव्हते. ते मागाहून गेले. पूर्वसूरींनीं वाट घालून दिलेली नसली म्हणजे माणसाला वाईट वागण्याची मोकळीक मिळते. ती मीं पुरेपूर घेतली.

माझी वागण्याची तऱ्हा ठरून गेली होती. गांवांत उतरल्याबरोबर मी बसण्याची जागा शोधीत असें. ती मिळाली कीं पुस्तक काढावयाचें, आणि परत निघेपर्यंत त्यांतून डोकें वर काढावयाचें नाहीं. येवलें हें तात्या टोपे यांचें जन्मगांव. तेथेंच १९३५ सालीं डॉ. आंबेडकरांनीं धर्मांतराची घोषणा केली. हें सर्व मी वर्गांत शिकविलेलें आहे. पण त्या येवल्याला पांच वेळां जाऊन मला तेथील काय ठाऊक आहे म्हणाल, तर एका पैठणीवाल्याच्या ओसरीवरील बांक! महेश्वर ही अहिल्याबाई होळकरांची राजधानी. नर्मदेचा तो विस्तीर्ण घाट पाहण्यास लोक दुरून येतात. माझी पत्नी पहांटे त्या घाटावर जाऊन येई आणि ओल्या केसांनीं येऊन सांगे, "काय पाणी आहे हो!" मी म्हणें, "पाणी सांगलीलाही आहे." हें वाक्य मला त्या वेळीं विनोदी वाटलें होतें.

या प्रवासांत माझ्यावर एकच काम पडत असे आणि तेंही मी खेळ समजत असें. साड्यांचा ढीग पुढें आला कीं ती मधूनच मला विचारी, "हा रंग तुम्ही कोणता म्हणाल?" आमच्या भाषेंत रंगांना काय सुरेख नांवें आहेत! अंजिरी, वांगी, डाळिंबी, राघू, मोरपंखी, चिंतामणी, अस्मानी. मी भाषेचा माणूस असल्यामुळें मला रंगापेक्षां नांवाची गोडी अधिक. मी कांहींतरी उत्तर देई. ती मान हलवी आणि साडी इकडच्या किंवा तिकडच्या ढिगांत ठेवी. कंटाळलेल्या मुलाच्या हातीं आईनें खुळखुळा द्यावा, तसा हा प्रश्न ती माझ्या हातीं देते, अशी माझी समजूत होती. तिच्या चांगुलपणाचें मला कौतुक वाटे आणि मी पुन्हां पुस्तकांत शिरें.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती, तीही मला दिसली नाहीं. माझे पांढरे सदरे हळूहळू निळसर होत चालले होते. एका जुन्या विद्यार्थ्यानें एकदां विचारलेंही, "सर, हल्लीं फिक्या निळ्या रंगाचे कपडे घालतां वाटतें?" मीं खालीं पाहिलें आणि मला तो सदरा पांढराच दिसला. जो माणूस स्वतःच्या अंगावरचा रंग पाहत नाहीं, त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांतलें काय दिसणार?

आतां इळकलची हकीकत सांगतों. हें गांव कर्नाटकांत बागलकोट जिल्ह्यांत आहे. नकाशांत कांहीं लिहिलेलें असो, आमच्या बायकांच्या तोंडीं तें इरकलच. आणि इरकली लुगडें हें कृष्णाकांठच्या कितीतरी पिढ्यांच्या अंगाखांद्यावरचें नेहमींचें वस्त्र. तेथील एका विणकराशीं माझ्या पत्नीचा वीस वर्षांचा व्यवहार. तो तिला अक्का म्हणतो, मला मास्तर म्हणतो. त्याच्या घरांत दोन माग आहेत. माग जमिनींतील खड्ड्यावर बसविलेला असतो. विणकर खड्ड्यांत पाय सोडून बसतो, म्हणून दारांतून पाहणाराला तो जमिनींतूनच उगवला आहे असें वाटतें. धोट्याचा खटखट आवाज सकाळपासून चालूं असतो. मला त्या आवाजाचा त्रास होत असे आणि मी तें बोलूनही दाखवीत असें.

२०२२ सालच्या डिसेंबरांत आम्ही तेथें गेलों तें संक्रांतीच्या मालासाठीं. इतर सणांना आपल्याकडे काळा रंग वर्ज्य. पण संक्रांतीला तोच मानाचा. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला तर काळी साडी आणि हलव्याचे दागिने हवेतच. तिला लाल कांठांच्या तीस काळ्या चंद्रकळा हव्या होत्या. बस वाटेंत बिघडल्यामुळें आम्हांला पोंचावयास संध्याकाळ झाली. विणकरानें एका अंगाला काळ्या आणि एका अंगाला शाईसारख्या गडद निळ्या साड्या मांडल्या होत्या, कारण दोन्ही प्रकार तिनें पूर्वीं घेतले होते. तिनें एकेक उलगडून पाहिली, पोत पाहिला, पदर पाहिला, नापसंत बाजूला टाकल्या, पसंत जवळ ओढल्या. पाहतां पाहतां दोन्ही ढीग एक झाले. दिवा पिवळा होता. शेवटीं तीस साड्यांवर हात ठेवून तिनें मला विचारलें, "अहो, या सगळ्या काळ्याच आहेत ना?"

मी एका प्रकरणाच्या शेवटावर आलों होतों. मीं मान वर केली नाहीं. मी म्हणालों, "हो, काळ्याच."

"नीट पाहून सांगा."

"काळ्याच आहेत ग," मी म्हणालों, आणि पान उलटलें.

संक्रांतीला चार दिवस उरले असतां पहिली साडी परत आली. एक प्रौढ बाई सुनेला घेऊनच आल्या होत्या. त्यांनीं ती दुकानाच्या पायरीवर, उन्हांत, उलगडली आणि म्हणाल्या, "बाई, ही निळी आहे. सण आमचा आहे; आम्हांला काळी हवी." त्यानंतर दोन दिवसांत आणखी सहा आल्या. दुकानांतील मुलीनें उरलेल्या साड्या अंगणांत नेऊन तपासल्या, त्यांत आणखी पांच निघाल्या. तिसांतील बारा. अठ्ठावीस वर्षांत तिच्या दुकानावरून असा माल कधीं परत आला नव्हता. लोक भांडले नाहींत. पण 'तुमच्याकडून असें व्हावें याचें नवल वाटतें,' एवढें सौम्य वाक्यच तिला भांडणापेक्षां अधिक लागलें.

त्या रात्रीं तिनें विणकराला फोन केला. ती मोडकीतोडकी कानडी बोलते. पण राग आला म्हणजे तिची कानडी अस्खलित होते. वीस वर्षांनंतर तूं माल मिसळून दिलास, असें ती त्याला म्हणाली. आणि बारा साड्यांचे पैसे देणें होते ते मी देणार नाहीं, असेंही म्हणाली. साधी इरकली साडी मागावरून उतरावयास चारपांच दिवस लागतात. बारा साड्या म्हणजे त्या घरांतील दोन मागांचें महिन्याभराचें राबणें. पलीकडून तो काय बोलला हें तिनेंच मला सांगितलें. "तो म्हणतो, अक्का, तुम्ही स्वतः काढून घेतल्यात. मास्तर तेथेंच होते. आतां यावर मी काय बोलूं?" ती माझ्याकडे पाहत होती. मी कांहींच बोललों नाहीं. दिवा मालवून झोंपावयास गेलों.

माणसाची पहिली चूक पुष्कळदां आळसाची असते. दुसरी मात्र भित्रेपणाची असते, आणि तीच खरी. साडी न पाहतां 'काळी' म्हणणें हा आळस होता. पण एका गरीब माणसावर खोटेपणाचा आळ आला असतां, तो खोटा नाहीं हें जगांत मला एकट्याला ठाऊक असून मी अंथरुणांत कूस बदलीत पडलों, याला कोणतें नांव द्यावें? आयुष्यभर मुलांना मीं निबंध लिहावयास शिकविलें. सत्य या विषयावर माझ्या हाताखालून कित्येक निबंध गेले असतील! चार दिवस मी गप्प बसलों. संक्रांतीच्या दिवशीं तिनें तिळगूळ माझ्या हातावर ठेवला, तेव्हां मात्र तो मला गिळवेना. मी म्हणालों, "त्या साड्या मीं पाहिल्याच नव्हत्या. पुस्तक वाचीत होतों. न पाहतांच काळ्या म्हणालों."

ती रागावेल अशी माझी अपेक्षा होती. किंबहुना तशी इच्छाही होती. ती रागावली नाहीं. बराच वेळ हातांतील वाटीकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "मला दिसत नाहीं, म्हणून तर तुम्हांला विचारलें."

मग हळूहळू सर्व बाहेर आलें. तीन वर्षें झालीं, तिला काळा आणि गडद निळा यांतला भेद कळेनासा झाला होता. वांगी रंग तपकिरी दिसे, अस्मानी मळकट दिसे. पहिल्यानें तिला वाटलें, हल्लींचे रंगच हलके; मग वाटलें, दुकानांतले दिवे बदलावे. पण दिवे बदलूनही रंग बदलले नाहींत. त्यानंतर तिनें मला बरोबर घेतलें. ज्याला मी खेळ समजत होतों तो खेळ नव्हता. मी सहावा नग नव्हतों. तिनें माझे डोळे बरोबर घेतले होते, आणि ते डोळे मी गांवोगांव पुस्तकांत मिटून ठेवीत होतों.

"मला सांगितलें कां नाहींस?" मी विचारलें.

"रंग न ओळखणाऱ्या बाईकडून साडी कोण घेईल?" ती म्हणाली. "आणि तुम्हांला सांगितलें असतें तर तुम्ही म्हणालां असतां, मग बंद कर दुकान, घरीं बस."

मी तसें म्हणालों नसतों असें मला शपथेवर सांगतां येत नाहीं.

दुसऱ्याच आठवड्यांत आम्ही मिरजेला नेत्रवैद्याकडे गेलों. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु होता. डॉक्टरांनीं समजावून सांगितलें तें असें: डोळ्यांतील भिंग वयोमानानें पिवळट, पुढें तपकिरी होत जातें. अशा भिंगांतून निळा आणि जांभळा प्रकाश सर्वांत आधीं अडतो. म्हणून निळें काळ्यांत बुडतें आणि पांढरें साईसारखें दिसूं लागतें. हा फरक इतका सावकाश होतो कीं, ज्याचा डोळा त्यालाच कित्येक वर्षें पत्ता लागत नाहीं. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या डोळ्यावर १९२३ सालीं हीच शस्त्रक्रिया झाली. तत्पूर्वींच्या त्याच्या कांहीं चित्रांत तांबडा नि तपकिरी रंग दाटलेला आहे. एवढ्या मोठ्या रंगाच्या जाणकाराला जें चुकलें नाहीं, तें आमच्या दुकानाला कसें चुकावें? ही माहिती मीं तिला धीर देण्यासाठीं सांगितली. ती म्हणाली, "त्याची चित्रें कोणी परत आणून दिलीं नाहींत."

शस्त्रक्रियेला अर्धा तासही लागला नाहीं. मी बाहेर बाकावर बसलों होतों. पिशवींत पुस्तक होतें. तें काढावेंसें वाटलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं डोळ्यावरील पट्टी काढली. तिनें खिडकीकडे पाहिलें, भिंतीकडे पाहिलें, मग माझ्याकडे पाहून एकदम म्हणाली, "अगबाई! तुमचा सदरा निळा आहे!"

धुतलेले कपडे पिवळट दिसतात म्हणून ती तीन वर्षें नीळ वाढवीत गेली होती. मी तीन वर्षें निळा होऊन गांवांतून हिंडत होतों. आम्ही दोघेही इतके हंसलों कीं, परिचारिकेला येऊन तिला डोळा सांभाळण्याची ताकीद द्यावी लागली. हंसतां हंसतां तिच्या दुसऱ्या डोळ्यांतून पाणी आलें. तें हंसण्याचेंच होतें असें तिनें मला सांगितलें.

विणकराचे पैसे तिनें मीं कबुली दिली त्याच दिवशीं पाठविले होते. फोनवरून क्षमाही मागितली होती. तो म्हणाला होता, "असूं द्या अक्का." पण त्या 'असूं द्या'नें माझें समाधान होईना. डोळा बरा झाल्यावर मी तिला म्हणालों, "आपण इळकलला जाऊन येऊं." आपण होऊन प्रवासाची गोष्ट काढण्याचा माझ्या आयुष्यांतला तो पहिला प्रसंग. तिनें माझ्याकडे असें पाहिलें कीं, तिला वाटलें असावें, शस्त्रक्रिया चुकून माझ्यावरच झाली.

बसमध्यें मीं दोन कानडी शब्द पाठ केले: 'तप्पु नंदु'. चूक माझी. त्याच्या दारांत पाऊल टाकल्याबरोबर मीं ते उच्चारले. तो खड्ड्यांत पाय सोडून विणीत होता. धोटा थांबला. त्यानें माझ्याकडे नीट पाहिलें आणि हंसून मोडक्या मराठींत विचारलें, "मास्तर, आज पुस्तक आणलें नाहीं?"

वीस वर्षांचा व्यवहार माझ्या पत्नीचा. मी तेथें दोनतीन वेळांच गेलों होतों. तरी त्यानें मला पाहिलें होतें. मीं त्याला पाहिलें नव्हतें. त्यानें बायकोला चहा ठेवावयास सांगितलें आणि तो म्हणाला कीं, दिवेलागणीनंतर काळ्यानिळ्याची निवड त्याचा बापसुद्धां करीत नसे. त्या दिवशीं उशीर झाला होता, अक्का घाईंत होत्या, त्यानेंच त्यांना सकाळपर्यंत थांबवावयास हवें होतें. म्हणजे चुकीचा एक वांटा त्यानें आपण होऊन उचलला. इतकी वर्षें मी ज्यांना सुसंस्कृत म्हणत आलों, त्यांतील किती जणांनीं तसें केलें असतें?

मग मीं त्याला मागाविषयीं विचारलें. मी प्रथमच विचारीत होतों. त्यानें दाखविलें कीं, इरकली साडीचें अंग आणि पदर यांचा ताणा एक नसतो. अंगाचा ताणा बहुधा सुताचा, पदराचा रेशमाचा. आणि हे दोन ताणे जेथें मिळतात तेथें एकेक धागा दुसऱ्या धाग्यांत फांसा घालून अडकवावा लागतो. याला तेथें टोप-तेनी म्हणतात. हें काम प्रत्येक साडीला नव्यानें करावें लागतें. मीं चष्मा पुसून तो सांधा पाहिला. बोट फिरवून पाहिलें. माझ्या आईच्या अंगावर अशीं लुगडीं मीं जन्मभर पाहिलीं. त्या पदरांत तोंड पुसलें. तो पदर आणि तें अंग निरनिराळ्या ताण्यांचीं असतात हें मला वयाच्या पासष्टाव्या वर्षीं समजलें.

त्यानंतर दुसऱ्याही डोळ्याचें काम झालें. उन्हाळा संपतां संपतां ती येवल्याला निघाली आणि तिनें एकच तिकीट काढलें. "आतां मला सगळें दिसतें," ती आनंदानें म्हणाली. "तुम्हांला उगाच त्रास नको." मी माझ्या खुर्चींत बसलों. जें मला इतकीं वर्षें हवें होतें तें सर्व जागेवर होतें: उशी, दिवा, कपाटें. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मीं तिला फोन करून विचारलें, कोणते रंग घेतलेस? ती कामांत होती; म्हणाली, "घरीं आल्यावर दाखवीन." मग मीं येवल्याच्या त्या बांकाचा विचार करीत बराच वेळ काढला. त्या बांकासमोरच्या घरांत पैठणी विणली जात होती आणि ती मीं एकदांही पाहिली नव्हती.

ती परत आल्यावर मी म्हणालों, "पुढच्या वेळीं इळकलला जाशील तेव्हां मी येतों. ऐहोळे तेथून जवळ आहे. मला शिलालेख पाहावयाचा आहे."

"तो चौदाशें वर्षें तेथेंच आहे," ती म्हणाली. "आजच कां आठवण झाली?"

ऐहोळेच्या टेकडीवरील मेगुती नांवाच्या जैन मंदिराच्या भिंतीवर हा लेख आहे. इसवी सन ६३४ मध्यें रविकीर्ति नांवाच्या कवीनें तो रचला. त्यांत दुसऱ्या पुलकेशीचा पराक्रम आहे. कालिदास आणि भारवि यांचीं नांवें आहेत. आणि नव्याण्णव हजार गांवांच्या तीन महाराष्ट्रकांचें आधिपत्य राजानें मिळविलें असें म्हटलें आहे. आपल्या प्रदेशाच्या नांवाच्या प्राचीन उल्लेखांत त्याची गणना होते. मीं तो तीस वर्षें वर्गांत शिकविला. इळकलला गेलों असतां अनेकदां पत्नीनें 'जाऊन या' म्हणून सुचविलें होतें. पुस्तकांत आहे, असें मी उत्तर देत असें.

त्या दिवशीं खरेदी आटोपून आम्ही दोघें टेकडी चढलों. ऊन फार होतें. ती भिंतीच्या सावलींत एका दगडावर पिशवी मांडीवर घेऊन बसली, मोबाईल काढला आणि हिशेब पाहूं लागली. मी लेखासमोर उभा राहिलों. थोड्या वेळानें तिनें मान वर न करतां विचारलें, "झालें का?" तो स्वर माझ्या पूर्ण परिचयाचा होता. इतकीं वर्षें तो माझाच होता.

"झालेंच," मी म्हणालों.

मग ती उठून माझ्या शेजारीं आली. नव्या डोळ्यांनीं तिनें त्या दगडावरील ओळी वरपासून खालपर्यंत पाहिल्या. "यांत महाराष्ट्र कोठें आहे?" तिनें विचारलें.

लेखाची भाषा संस्कृत, पण लिपि जुनी कानडी वळणाची. मला ती वाचतां येत नाहीं. मी छापील देवनागरीवरून शिकविलें होतें. मीं एका ओळीकडे बोट नेलें, मग दुसऱ्या ओळीकडे नेलें. तीस वर्षें शिकविलेला शब्द मला त्या भिंतीवर दाखवितां येईना. न पाहतां कांहींतरी सांगून टाकण्याचा मोह अजूनही झाला. तिला खरें खोटें कळलें नसतें.

"मला ओळखूं येत नाहीं," मी म्हणालों.

"असूं द्या," ती म्हणाली. "येथें कोठेंतरी आहे ना? मग झालें." आणि पिशवी माझ्या हातीं देऊन ती पायऱ्या उतरूं लागली.